शुक्रवारची दिवेलागण

सुपा, आत्ता

पुणे-नगर रस्त्यावर सुप्याच्या चौकात तुम्ही उभे आहात. शुक्रवारची संध्याकाळ. एमआयडीसीतली पाळी सुटली आहे, कंपन्यांच्या बसगाड्या माणसं उतरवताहेत, पारनेरची जीप अजून दोन सीटं मिळतात का म्हणून खोळंबली आहे. लांब कवड्या डोंगरावर पवनचक्क्यांची पाती फिरताहेत. रस्ता सोडून गावात वळलं की उंबऱ्याशी, तुळशीपाशी दिवे लागू लागलेत. शुक्रवार देवीचा, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

याच वारी, याच घटकेला दिवा लावणारी आणखी एक परंपरा आहे. तिथे मूर्ती नाही आणि देवाचं चित्र काढायलाही बंदी आहे. देवाविषयी बोलताना व्याकरण कायम पुल्लिंगी. तरीही तिथल्या गूढवाद्यांनी शुक्रवारच्या तिन्हीसांजेला गावाबाहेर जाऊन एका वधूचं स्वागत केलं, तिला राणी म्हटलं, आई म्हटलं, आणि ती खुद्द देवाचंच एक अंग आहे असं मानलं. तिचं नाव शेखिना, म्हणजे देवाचं जगातलं वास्तव्य. ज्यूंच्या देवाच्या या स्त्रीरूपाला भेटायला निघायचं तर सुपा हे ठिकाण वाटतं तितकं आडबाजूचं नाही. हा मुलूख निजामशाहीत होता. त्याच निजामशाहीत घाट उतरून खाली, चौल-अलिबागच्या किनाऱ्यावर, ज्यूंची वस्ती होती, आणि निजामशहाला औषध देणारा एक फिरंगी वैद्य लपूनछपून ज्यू होता.

प्रवासाचे नियम दोनच. उतरायचं ते फक्त शुक्रवारी, दिवेलागणीच्या आधी. आणि बघायचं, बोलायचं नाही. तुम्ही कुणाला दिसणार नाही.

अहमदनगर, १५४५ च्या आसपास

डांबर गेलं, ट्रकांचे भोंगे गेले. उरली धूळ आणि बैलांच्या तांड्यांचा घुंगुरनाद. मलिक अहमदने १४९४ मध्ये वसवलेलं शहर अजून नवंच आहे. किल्ल्याचा तट मातीचा. दगडी तट पुढे हुसेन निजामशहा बांधील. सध्या गादीवर त्याचा बाप, बुरहान निजामशहा. शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या सांगण्यावरून त्याने काही वर्षांपूर्वी, १५३७ मध्ये, शिया पंथ स्वीकारला. दरबारात फारसी, दख्खनी, मराठी आणि अरबी कानावर पडते. वेगवेगळ्या देवांची माणसं इथे एका छताखाली वाद घालतात आणि जिवंत राहतात.

त्यांच्यात एक पोर्तुगीज वैद्य आहे. गार्सिया द ओर्ता. १५३४ मध्ये तो गोव्याला आला, आणि या वर्षांत त्याच्या नगरला खेपा होतात. सुलतानाशी त्याची दोस्ती आहे. हकिमांशी तो मुळ्या, साली, हिंग यांवर तासन्‌तास हुज्जत घालतो. पुढे १५६३ मध्ये गोव्यात तो वनौषधींवरचा संवादरूपी ग्रंथ छापील. पटकीचं युरोपीय भाषेतलं पहिलं नेमकं वर्णन त्यातलंच, आणि या सुलतानाच्या आठवणीही त्यात जागोजागी येतील.

ओर्ता चर्चमध्ये जातो, गुडघे टेकतो. त्याचे आईबाप १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. ते पोर्तुगालमध्ये आले आणि १४९७ मध्ये तिथल्या सगळ्याच ज्यूंबरोबर त्यांनाही सक्तीचा बाप्तिस्मा देण्यात आला. अशांना तिथे ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत, आणि नवेपण तीन पिढ्या झाल्या तरी सुटत नसे.

शुक्रवार मावळत आलाय. तुम्ही वैद्याकडे टक लावून पाहता. काही दिसत नाही. ना टोपी, ना पुस्तक, ना प्रार्थनेचा शब्द. आपला धर्म अंगावर दिसेल असं त्याने काही ठेवलेलंच नाही. त्याचा धर्म घरी आहे, आणि घर बायकांच्या हाती आहे. तेव्हा तिकडे जाऊ.

गोवा, १५५५ च्या आसपास

ओर्ताची आई लिओनोर गोमेश आणि दोन बहिणी, कातारिना व इझाबेल, १५४९ मध्ये लिस्बनहून इथे आल्या. येण्याआधी लिस्बनमध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, बहिणींना कोठडीत डांबलं होतं. गोव्यात ते न्यायालय अजून आलेलं नाही.

घराची झडप लावलेली आहे. आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही, आणि बरंच आहे. कारण बाहेरून आत बघणाऱ्यांसाठी एक यादी आधीच तयार आहे. पोर्तुगालमध्ये १५३६ साली इन्क्विझिशनने जाहीरनामा काढला आणि ‘गुप्त ज्यू’ कसा ओळखावा याच्या खुणा लोकांना वाचून दाखवल्या. शुक्रवारी दुपारी घर झाडून-पुसून घेतात का? त्या संध्याकाळी नव्या वाती घालून दिवे लवकर लावतात का? शनिवारचं जेवण शुक्रवारीच शिजवून ठेवतात का? शनिवारी धुतलेले कपडे घालतात का? डुकराची चरबी टाळतात का? ससा? खवले नसलेला मासा?

ही यादी मनात ठेवा, ती आणखी दोनदा भेटणार आहे. देव एक की तीन, हे त्या खुणांत कुठे विचारलेलं नाही. विचारलंय चुलीबद्दल, वातीबद्दल, धुण्याबद्दल. सभास्थान पाडता येतं, ग्रंथ जाळता येतात, रब्बीला, म्हणजे धर्मगुरूला, देशाबाहेर काढता येतं. हे सगळं झाल्यावर जे उरतं ते घरातल्या बाईच्या हातात असतं, हे न्यायालयाने अचूक ओळखलं होतं. गुप्त ज्यूंच्या खटल्यांत आया, बहिणी, सुना इतक्या का येतात याचं उत्तर इथे आहे. शाळा बंद झाल्यावर धर्म शिकवणारी तीच होती, आणि म्हणून गुन्हेगारही तीच.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. १५६८ मध्ये ओर्ता वारला, अंथरुणात, मान्यवर वैद्य म्हणून. त्याच्या पाठोपाठ कातारिनाला धरलं आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी जाळलं. तो मंगळवार होता. तुमच्या प्रवासाच्या नियमात तो बसत नाही, आणि बसता तरी तिथे उतरण्याची सक्ती तुमच्यावर कुणी केली नसती. चौकशीत घरच्यांनी सांगितलेल्या गोष्टींवरून भाऊही मोशेचा नियम मानणारा, म्हणजे गुप्त ज्यू, ठरला. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळण्यात आली.

साफेद, १५७०

कातारिना गेली त्याच्या पुढच्या वर्षी. गॅलिलीच्या डोंगरातलं तुर्की अमलाखालचं गाव. स्पेनमधल्या त्याच हकालपट्टीने ओर्ताच्या घराण्याला पश्चिमेकडे ढकललं आणि इतर कित्येकांना पूर्वेकडे. त्यातले पुष्कळ जण सलोनिका, एद्रिने अशा गावांत थांबत शेवटी इथे येऊन राहिले. विणकाम, रंगकाम यांवर गाव चालतं. रात्री लोक कब्बाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, शिकतात.

पांढऱ्या कपड्यांतले पुरुष गावाबाहेरच्या शेताकडे निघालेत. तुम्हीही मागून चला. सूर्य डोंगराआड जातोय आणि ते पश्चिमेकडे तोंड करून गाताहेत: साबाथ, म्हणजे शुक्रवारी मावळतीला सुरू होणारा विसाव्याचा दिवस, ही वधू आहे, तिच्या भेटीला चला. श्लोमो अल्काबेत्झ या इथल्याच कवीची ही रचना. कडव्यांच्या आद्याक्षरांतून त्याचं नाव उलगडतं. आज जगभरच्या सिनेगॉगमध्ये शुक्रवारी ती म्हणतात, आणि शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळतात. साबाथला राणी आणि वधू म्हणण्याची रीत त्याहून जुनी, तालमूद या प्राचीन धर्मग्रंथाच्या काळातली. पण तिच्यासाठी शेतात जाऊन उभं राहणं हे साफेदचं.

ही वधू कोण? तालमूदमध्ये शेखिना म्हणजे देवाचं सान्निध्य, वेगळी व्यक्ती नव्हे. मात्र तिथेच एक हृदयाला भिडणारी कल्पना आहे: लोक जिथे जिथे हद्दपार झाले, तिथे तिथे शेखिना त्यांच्यासोबत गेली. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या कास्तील प्रांतात ‘झोहर’ हा ग्रंथ प्रकट झाला. त्या परंपरेने देवाच्या प्रकट होण्याच्या दहा पायऱ्या सांगितल्या, आणि दहावी, जगाला सर्वांत जवळची, ती शेखिना. तिला स्वतःचा उजेड नाही, वरच्या नऊंचा उजेड घेऊन ती तो खाली देते. म्हणून चंद्र हे तिचं चिन्ह. माणसाच्या पापाने ती आपल्या नाथापासून दुरावते. प्रत्येक सत्कृत्याने दोघं जवळ येतात. शुक्रवारच्या रात्री त्यांचं मीलन होतं, आणि म्हणूनच त्या रात्री नवराबायकोंनी एकत्र येणं हे कब्बालात पुण्यकर्म ठरलं.

हाकलल्या गेलेल्या लोकांना ही देवता का पटली असेल, हे वेगळं सांगायला नको. देव सिंहासनावर बसून बघत नव्हता. त्याचं अर्धं अंग त्यांच्याबरोबर गाठोडं घेऊन चालत होतं.

याच गावात योसेफ कारो राहतो. साऱ्या ज्यू जगाने पुढे कायद्याचं पुस्तक म्हणून मान्य केलेला ‘शुल्हान आरुख’ त्याचाच. छापून पाच वर्षंच झालीत. इतका काटेकोर माणूस, पण रात्री अभ्यास करताना त्याच्याच तोंडून दुसराच आवाज बोलू लागे. तो आवाज स्त्रीचा. आपण लेकरांना शिक्षा करणारी आई आहोत असं ती सांगे, त्याला कमी जेवायला, जास्त जागायला बजावे. अल्काबेत्झने अशी एक रात्र डोळ्यांनी पाहिली आणि पत्रात लिहून ठेवली. सुप्याच्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. अंगात येणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक असतं. नवल असलं तर एवढंच, की आली ती कायदेपंडिताच्या अंगात.

आता शेताकडे पुन्हा नीट पाहा. वधूच्या स्वागताला आलेल्या या घोळक्यात एकही बाई नाही. त्या घरी आहेत, स्वयंपाक उरकताहेत, वाती वळताहेत. देवाच्या स्त्रीरूपावरचे ग्रंथ पुरुषांनी लिहिले, पुरुषांसाठी लिहिले. अपवाद सापडतात. हायिम विताल या कब्बालिस्टाने आपल्या दैनंदिनीत साफेदच्या फ्रान्सेसा सारा या दृष्टान्त होणाऱ्या बाईची नोंद केली आहे, आणि विद्वान तिचं ऐकत. पण तिने स्वतः लिहिलेलं काही आपल्यापर्यंत आलेलं नाही.

यरुशलेम, इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास

मागे जायचं तर थेट तळाला जाऊ. सात दिवसांच्या आठवड्यात अजून शुक्रवार हे नाव नाही, तरी सहावा दिवस मावळतो आहे असं धरून चालू.

गल्लीत मुलं काटक्या गोळा करताहेत, बाप जाळ करताहेत, आया कणीक मळताहेत. आकाशाच्या राणीसाठी पोळ्या भाजायच्या आहेत. हे सारं आपल्याला ठाऊक आहे, कारण यिर्मया संदेष्ट्याने त्यावर आग पाखडली आणि ती बायबलात नोंदली गेली. या राजधानीच्या मंदिरातही अशेरा नावाच्या देवीची खूण उभी असायची. योशिया राजाने इसवी सनापूर्वी ६२२ च्या सुमारास ती बाहेर काढून जाळली, आणि मंदिराच्या आवारात बायका जिथे अशेरेसाठी वस्त्रं विणत ती घरं पाडली. सीनायच्या वाळवंटात कुन्तिलेत अजरूद इथे १९७५-७६ च्या उत्खननात इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराची रांजणं मिळाली. त्यांवरच्या मजकुरात इस्राएलच्या देवाबरोबर ‘त्याची अशेरा’ येते. ती देवी की लाकडी स्तंभ, यावर विद्वान अजून भांडताहेत. स्तन हातांनी सावरलेल्या मातीच्या बाहुल्या मात्र यहुदियाच्या घराघरांत सापडल्या आहेत.

शहर पडलं, मंदिर जळलं, लोक मिसरला पळाले. तिथे यिर्मया पुन्हा ओरडू लागला, तेव्हा बायकांनी त्याला जबाब दिला. राणीला पोळ्या वाहत होतो तेव्हा पोटभर होतं, बंद केलं तेव्हापासून दैना सुरू झाली. आणि आम्ही काय नवऱ्यांना न विचारता करत होतो? साऱ्या बायबलमध्ये संदेष्ट्याला इतकं तोंडावर सुनावलेलं क्वचितच सापडेल.

राफाएल पाताय या अभ्यासकाने १९६७ मध्ये असं मांडलं, की मंदिरातून काढलेली देवी शेकडो वर्षांनी शेखिनेच्या रूपाने परतली. गेर्शोम शोलेम यांच्यासारखे कब्बालाचे जाणकार अधिक जपून बोलत; त्यांच्या मते शेखिनेला खरोखर स्त्री केली ती कब्बालिस्टांनीच. वाद मोठा आहे. तुम्ही इतकंच टिपून ठेवा: राजाने मंदिर साफ केलं, पण कणीक मळणारे हात त्याला साफ करता आले नाहीत.

नवगाव, अलिबागजवळ, अठराव्या शतकाच्या मध्यावर

अखेर आपल्या किनाऱ्यावर. निजामशाही जाऊन शतक उलटलंय, आंग्र्यांचा अंमल आहे. नारळी-पोफळी, तेलाचा घाणा, घाण्याला जुंपलेला बैल. सूर्य कलला तसा घाणा थांबला. आता तो उद्या दिवसभर बंद. म्हणूनच गाव या लोकांना शनिवार तेली म्हणतं. गावोगावच्या नावांना ‘कर’ लावून त्यांची आडनावं झालीत: केहिमकर, दिवेकर, पेणकर, नवगावकर, रोहेकर. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात.

त्यांची कहाणी अशी. फार पूर्वी नवगावजवळ जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या बुडाल्या, हिब्रू हळूहळू विसरली, उरला ‘शमा’ हा एकच मंत्र. रब्बी नाही, सिनेगॉग नाही; तालमूद आणि झोहर यांची नावंही कानावर आलेली नाहीत. शेखिना हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही.

मग उरलं कुठे? सणांची नावं ऐका. खिरीचा सण. बिरड्याचा सण, मंदिराच्या नाशाच्या शोकाचा. नव्याचा सण, वर्षारंभाचा. दारफाळणीचा सण, प्रायश्चित्ताचा. त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. मिसरमधून सुटकेचा जो सण जग वल्हांडण म्हणून ओळखतं, त्यात आंबवलेलं निषिद्ध. इथे तो आंबट रसाचं मडकं झाकून ठेवण्याचा सण झाला. मोशे, फारो, तांबडा समुद्र सगळं धूसर झालं होतं, पण अमुक आठ दिवस ते मडकं उघडायचं नाही हे सासूने सुनेला सांगितलं आणि सुनेने तिच्या सुनेला. ही पंचांगं स्वयंपाकघरात लिहिली गेली होती, आणि लिहिणाऱ्यांपैकी एकीलाही अक्षर येत नव्हतं.

आज गावात पाहुणा आलाय. दाविद रहाबी नावाचा ज्यू व्यापारी. तो नेमका कधी आला यावर एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सामुएल केहिमकर त्याला इसवी सन १००० च्या आसपास नेतात, तर पुष्कळ अभ्यासक कोचीच्या रहाबी घराण्यातल्या अठराव्या शतकातल्या दाविदकडे बोट दाखवतात. तुमची गाडी दुसऱ्या तारखेला थांबली आहे. रहाबीच्या कानावर शनिवार तेल्यांची गोष्ट गेलीय. हे आपले की नाहीत हे त्याला कळायला हवं. पुरुषांना विचारून फार काही हाती लागत नाही. तेव्हा, कहाणी सांगते, त्याने बाजारातून सरमिसळ मासळी आणवली आणि बायकांपुढे ठेवली: रांधा.

पडवीत बसून त्या मासे निवडू लागल्या. खवले नि पर असलेले एका बाजूला. गुळगुळीत कातडीचे दुसऱ्या बाजूला. हे का बाजूला? हे आम्ही खात नाही.

रहाबीला उत्तर मिळालं. त्याने तीन घराण्यांतल्या तिघांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवले. त्यांचे वंशज पुढे समाजाचे काजी झाले. यादी ओळखलीत ना? पोर्तुगालच्या जाहीरनाम्यातलीच ती, खवले नसलेल्या माशाची. तिथे तो गुन्ह्याचा पुरावा होता, इथे नात्याचा झाला. निवडणारे हात दोन्हीकडे बाईचे.

पुणे, १८७४

मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. पुण्यात कॅम्पमध्ये १८६७ पासून बगदादी ज्यूंचं लाल देऊळ उभं आहे. छापखाना आला आहे, आणि बेने इस्राएल मराठीत पुस्तकं छापताहेत. तुमच्यासमोर या वर्षी पुण्यात छापलेली वल्हांडणाची पोथी ‘हग्गादा’ आहे, हिब्रू आणि मराठीत, सचित्र. चित्रांचे नमुने युरोपातल्या हग्गादांचे. पण एका पानावर चित्रकाराचा हात घसरून घरी आलाय. बेखमीर भाकरी बनवण्याच्या त्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून कणीक मळताहेत, लाटताहेत. यरुशलेमच्या गल्लीतल्या आया तुम्ही नुकत्याच पाहिल्यात. संदेष्ट्याचा राग सोडला तर फार फरक दिसणार नाही.

चित्रात शिरलेली बाई सभास्थानात मात्र माडीवरच बसते. ते बदलायला आणखी अर्धं शतक जावं लागेल. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेली जेरुशा झिराड लंडनहून वैद्यकाची पुढची पदवी घेऊन येईल आणि १९२५ मध्ये मुंबईत उदारमतवादी ज्यू रिलिजस युनियनच्या स्थापनेत पुढाकार घेईल. कातारिनाच्या घरात जे झडपेआड चाललं, त्यासाठी आता एक बाई उघडपणे सभा बोलावते.

यरुशलेम आणि लोद, ऑगस्ट १९६४

यरुशलेमच्या रस्त्यावर मराठी ऐकू येतेय. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इथे आले. लोद, दिमोना, अश्दोद अशा गावांत स्थायिक झाले. आज ते राजधानीत निदर्शनाला बसले आहेत, पोराबाळांसकट.

भांडण लग्नाचं आहे. ज्यू कायद्यात ज्यूपण आईकडून येतं. काही रब्बींना शंका आली की कोकणातल्या या लोकांच्या आया, आज्या, पणज्या खरोखर ज्यू होत्या का. तिथे तालमूदच नव्हता, तर घटस्फोट आणि पुनर्विवाह कोणत्या नियमाने झाले? १९६२ च्या सुरुवातीला मुख्य रब्बी कार्यालयाचा आदेश निघाला: बेने इस्राएल वधू-वराचं लग्न नोंदण्याआधी मातृवंश जितका मागे जाईल तितका तपासावा.

तिसऱ्यांदा बाहेरचे पुरुष या बायकांचा कारभार तपासताहेत. इन्क्विझिशनने तपासला आणि जाळलं. रहाबीने तपासला आणि कवटाळलं. आता स्वतःच्याच देशात कागद मागितला जातोय. आणि माशांची निवड, झाकलेलं मडकं, बंद ठेवलेला घाणा यांतलं काही कागदावर नव्हतं. ज्या परंपरेने देवाला लोकांसोबत वनवासाला पाठवणारी कल्पना जगाला दिली, तिच्याच कचेरीला हे ओळखू येऊ नये, की शेखिना जिथे जाते तिथे तिचं बिऱ्हाड कुणीतरी थाटावं लागतं, आणि नवगावात ते कुणी थाटलं होतं.

त्या कचेरीतल्या कपाटात तालमूद नक्की होता. त्यात बाबिलोनच्या रव्ह योसेफची गोष्ट आहे. आईच्या पावलांचा आवाज आला की तो उठून उभा राहायचा आणि म्हणायचा की येणाऱ्या शेखिनेसमोर मी उभा राहतो. शेखिनेला आईत पाहण्यासाठी त्याला झोहरची गरज पडली नाही, वंशावळीचीही नाही.

१७ ऑगस्टला इस्राएलच्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत. महिनाअखेरीस रब्बी कार्यालयाने आदेशातून त्यांचं नाव काढलं. निदर्शनं उठली, माणसं घरी गेली.

पुढचा शुक्रवार, लोदमधलं एक स्वयंपाकघर. उजेड कलतोय. ओट्यावर मासे आहेत, वातींचा कापूस आहे, मनुका भिजत घातल्यात. द्राक्षाच्या वाइनऐवजी कोकणात मनुकांचंच सरबत करत. लुगडं खोचलेली बाई पाठमोरी उभी आहे. तुम्ही दारात थबकता, बघायचं आणि बोलायचं नाही या नियमाला धरून. पण ती वळते आणि सरळ तुमच्याकडे पाहते.

“तपासायला आलात की जेवायला? तपासायला आला असाल तर आल्या वाटेने जा. जेवायला आला असाल तर ही सुरी घ्या नि खवले काढायला बसा. दिवे लावायला वेळ थोडा राहिलाय.”